ओलं म्हणजे काय आणि ते आपल्याला कळतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैत कोकणपट्टीतल्या कुठल्याही घरात दिवसातून चार वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "वाळले का गं कपडे?" जिला विचारलंय ती दोरीवरचा शर्ट चिमटीत धरते, क्षणभर थांबते आणि म्हणते, "कळतच नाहीये. गार लागतायत नुसते." तिच्या नकळत ती अगदी शास्त्रशुद्ध बोललेली असते. आपल्या कातडीला गारवा कळतो, स्पर्श कळतो. ओल मात्र कळत नाही. ती मेंदू अंदाजाने ठरवतो, आणि पावसाळ्यात हा अंदाज हमखास चुकतो.

ओलं म्हणजे नेमकं काय?

एखाद्या घन वस्तूला द्रव चिकटून राहिला किंवा तिच्या छिद्रांत शिरून बसला, की ती वस्तू ओली. चिकटणार की नाही हे ओढाताणीवर ठरतं. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, तशी समोरच्या पृष्ठभागाचीही असते. पृष्ठभागाची ओढ जिंकली तर पाणी पसरतं, आपसातली जिंकली तर ते गोळा होऊन थेंब बनतं. थेंबाची कड जिथे टेकते तिथला कोन पाहिला की कोण जिंकलं ते समजतं. हा विचार थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये मांडला. कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल तर वस्तू भिजते, जास्त असेल तर भिजायला नाखूश. स्वच्छ काचेवर तो जवळजवळ शून्य असतो, मेणावर शंभराच्या पुढे जातो. तेलकट ताटावर नुसतं पाणी ओतलं की ते ठिपक्याठिपक्यांनी का उभं राहतं, आणि साबण लावताच का पसरतं, त्याचंही उत्तर इथेच आहे: साबण पाण्याची आपसातली ओढ कमी करतो.

मग पाणी स्वतः ओलं असतं का?

या प्रश्नावर लोक तासन्‌तास भांडतात. मराठीने तो केव्हाच निकालात काढला आहे. ओलं कापड, ओली माती, ओला नारळ, ओला कचरा हे सगळं आपण म्हणतो. ओलं पाणी कोणी म्हणत नाही. ओल ही दोघांमधली गोष्ट आहे, एकट्या पाण्याची नाही. पाण्याचा एक रेणू दुसऱ्याला चिकटलेला असतो म्हणून पाणीही ओलंच, असं कोणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. त्याने आंघोळीत काही फरक पडत नाही.

अळवाच्या पानावर पाणी का थांबत नाही?

अळवाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर असतो. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेला, खाली हवा अडकलेली. पानाशी त्याचा संबंध नावापुरता, म्हणून जरा वारा आला की तो घरंगळतो. कमळाचं पानही असंच, तिथे थेंबाचा कोन १५० अंशांच्या पुढे जातो. बॉन विद्यापीठातले विल्हेल्म बार्टलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की घरंगळणारा थेंब जाताना धूळही उचलून नेतो, आणि चिखलात उगवूनही पान स्वच्छ राहतं. अळूवड्यांसाठी पानं धुणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नळाखाली धरलेलं पान झटकलं की कोरडं.

'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार म्हणूनच भौतिकशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतो. 'पालथ्या घड्यावर पाणी' तेवढा उतरत नाही. मातीचा घडा पालथा असला तरी बाहेरून व्यवस्थित भिजतो, फक्त भरत नाही.

तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात ते का?

कारण तवा ओलाच होत नाही. जेमतेम तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की ते पसरतं आणि चर्र करून आटतं. तवा त्याहून बराच जास्त, साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापला, की थेंबाच्या खाली क्षणात वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगत धावतो. गंमत अशी की हा थेंब जास्त वेळ टिकतो. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये याचं वर्णन केलं. घावन घालणाऱ्या बाईचा हात पाणी शिंपडून हीच परीक्षा रोज घेतो.

तेलाने माखलेला हात ओला का वाटत नाही?

खरं तर पाण्यापेक्षा तेल कातडीवर जास्त चांगलं पसरतं, म्हणजे वरच्या व्याख्येने हात ओलाच. पण तेलाची वाफ होत नाही, त्यामुळे ते गारवा देत नाही. मग आपण त्याला ओलं न म्हणता तेलकट म्हणतो, तुपाला तुपकट, आणि तेल थापलेल्या केसांना चिप्प. स्पिरिटचं उलटं. इंजेक्शनआधी दंडावर बोळा फिरवतात तेव्हा लागतं थेंबभर, पण ते भराभर उडतं म्हणून दंड गारेगार ओला वाटतो.

कातडीला ओल नेमकी कशी कळते?

कातडीत स्पर्शाचे, दाबाचे, ताणाचे, कंपनाचे, उष्णतेचे, थंडीचे आणि वेदनेचे संवेदक असतात. ओलीसाठी वेगळा संवेदक माणसाच्या कातडीत आजवर सापडलेला नाही. डोळ्यांना रंग कळतो किंवा जिभेला खारट कळतं, तसा ओलीचा स्वतंत्र असा मार्गच नाही.

मग होतं काय? पाण्याची वाफ होताना ते कातडीतली उष्णता घेऊन जातं, एका ग्रॅममागे सुमारे २,४०० ज्यूल. शिवाय पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे ओलं फडकं हाताला लागलं की पहिली बातमी जाते ती थंडीच्या मज्जातंतूंवरून. दुसरी स्पर्शाची: फडकं चिकटतंय, ओढलं तर अडतंय, किंवा काहीतरी सुळकन सरकतंय. या दोन बातम्या एकदम आल्या की मेंदू म्हणतो, पाणी. हा हिशोब आपण जन्मापासून, हजार वेळा भिजून शिकलेलो असतो असं मानतात. शिकताना डोळ्यांनी पाणी दिसत असतं, कानांनी ऐकू येत असतं. पुढे डोळे मिटले तरी हिशोब चालू राहतो.

याला पुरावा काय?

पहिला पुरावा १९०० सालचा आहे. मॅडिसन बेंटली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बोटावर पातळ रबराचं आवरण चढवून ते द्रवात बुडवायला लावलं. बोटाला थेंबही लागत नव्हता, तरी माणसांना बोट ओलं झाल्यासारखं वाटलं. थंडी आणि दाब यांची सांगड म्हणजे ओल, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे शंभरेक वर्षं हा विषय बराचसा अडगळीतच पडून होता.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या डाविडे फिलिंगेरी आणि जॉर्ज हॅवेनिथ यांनी २०१४ मध्ये तो नव्याने हाती घेतला. एका चाचणीत त्यांनी दंडावर पट्टा आवळून थंडी आणि हलका स्पर्श वाहून नेणारे मज्जातंतू काही काळ बधिर केले. पाणी तेवढंच ठेवूनही लोकांना ते कमी ओलं वाटलं. दुसरी गोष्ट अशी दिसली की पाण्याचं प्रमाण सारखं असताना थंड ओल जास्त ओली वाटते आणि कोमट ओल कमी. आणि निव्वळ कोरडी पण थंड वस्तू कातडीला लावली, तरी माणसं "ओलं लागतंय" म्हणतात. दोरीवरच्या शर्टाचं कोडं सुटलं ते इथे.

घरी करून पाहता येईल का?

येईल की. भोक नसलेली पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवा आणि हात गार पाण्याच्या बादलीत मनगटापर्यंत बुडवा. पाणी पिशवीला चहूबाजूंनी हातावर दाबेल. हात ओला झाल्यासारखा इतका पक्का वाटतो की बाहेर काढल्यावर माणूस पुसायला टॉवेल शोधतो.

दुसरा प्रयोग रुमालाचा. दोन सारखे कोरडे रुमाल घ्या, एक बंद डब्यात घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग घरातल्या कोणाचे तरी डोळे बांधून दोन्ही हाती द्या. थंड रुमाल सहसा दमट ठरतो. मात्र हा प्रयोग हिवाळ्यात करा. पावसाळ्यात थंड रुमालावर हवेतली वाफ बसून तो खरोखरच ओलसर होईल आणि तुम्ही उगाच शास्त्रज्ञांना नावं ठेवाल.

कोमट पाण्यात हात असताना ओलं का वाटत नाही?

तळहाताची कातडी साधारण ३२ ते ३४ अंशांवर असते. पाणीही तेवढंच असेल तर ते उष्णता घेत नाही की देत नाही, आणि पाण्याखाली बाष्पीभवनही नाही. हात स्थिर ठेवला तर तो पाण्यात आहे हे जाणवतं ते मनगटाभोवतीच्या एका रेघेपाशी, जिथे पाणी संपून हवा सुरू होते. हात बाहेर काढला की वाफ उडायला लागते आणि तेव्हा तो खरा ओला 'होतो'. पाण्यात बुडालेले असताना वाटत नाही इतके आपण पाण्याबाहेर आल्यावर ओले असतो. न्हाणीघरातून टॉवेल विसरून बाहेर आलेल्या माणसाला विचारा.

घाम आल्याचं मग कसं कळतं?

उशिरा कळतं. घाम अंगाच्याच तापमानाचा, त्यामुळे थंडीची बातमी जवळजवळ नसतेच. मे महिन्यात लोकलमध्ये उभं असताना शर्ट पाठीला चिकटला, पाठीवरून थेंब ओघळला, की मगच लक्षात येतं. स्पर्शाच्या बातमीवरच सगळी मदार. ट्रेन सुटून खिडकीतून वारा आला की तोच घाम एकदम गार आणि ओला लागतो. तो तेवढाच असतो. आता फक्त तो उडू लागलेला असतो.

बाम लावल्यावर गार लागतं, मग ओलं का वाटत नाही?

थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं. तेच बामातल्या मेंथॉलनेही उघडतं, म्हणून पेपरमिंट गार लागतं. स्पर्शासाठी पिएझो२ नावाचं वेगळं प्रथिन आहे. या कामांसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. बामामध्ये गारवा असतो पण पाण्याचा चिकटणारा, ओघळणारा स्पर्श नसतो. एक साक्षीदार आला, दुसरा आलाच नाही, म्हणून मेंदू सहसा ओलीचा निकाल देत नाही.

कुठल्या प्राण्याला खरोखर ओल कळते का?

झुरळाला कळते. त्याच्या मिशांवर दमटपणा आणि कोरडेपणा ओळखणाऱ्या पेशी असतात. फळमाशीलाही त्या असतात, आणि डासाची मादी रक्त आणि अंडी घालायला पाणी शोधताना हवेतला दमटपणा वापरते. स्वयंपाकघरात सिंकखालची जागा झुरळं बरोबर हेरतात, ती उगाच नाही.

माणसाच्या कातडीत हे नसलं तरी डोक्यावर एक चांगलं उपकरण आहे. केस दमट हवेत किंचित लांबतात. स्वित्झर्लंडच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७८३ मध्ये माणसाचा केस ताणून त्यावर आर्द्रतामापक बनवला, आणि तशी उपकरणं विसाव्या शतकातही वेधशाळांत होती. जूनमध्ये केस पिंजारायला लागले की समजावं, उपकरण चालू आहे.

पाण्यात राहिल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात, तो ओल कळल्याचा पुरावा नाही का?

पाणी मुरून कातडी फुगते म्हणून सुरकुत्या पडतात असं शाळेत अनेकांनी ऐकलेलं असतं. तसं असतं तर मज्जातंतू तुटलेल्या बोटालाही त्या पडायला हव्यात. पडत नाहीत. हे १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं, आणि पुढे हाताचे डॉक्टर मज्जातंतू शाबूत आहे का हे पाहायला बोट पाण्यात बुडवून ठेवू लागले. सुरकुत्या पडतात त्या मज्जासंस्थेने बोटाच्या टोकातल्या रक्तवाहिन्या आकसून घेतल्यामुळे. म्हणजे शरीराला पाण्याचा पत्ता लागतो, पण ती खबर आपल्यापर्यंत 'ओलं' म्हणून येत नाही. अशी बोटं ओल्या वस्तू जास्त पटकन उचलतात असं न्यूकॅसल विद्यापीठातल्या २०१३ च्या प्रयोगात दिसलं. नंतरच्या एका प्रयोगात मात्र तो फरक आढळला नाही, तेव्हा 'निसर्गाने दिलेले टायर' वगैरे म्हणायची घाई नको.

बाळ शू केल्यावर लगेच का रडत नाही?

शू अंगाइतकीच गरम असते. लंगोट गार पडला की मग सूर लागतो. डायपरमधली पावडर पाणी शोषून त्याचा लगदा करून धरते, त्यामुळे कातडीला ना गारवा लागतो ना ओघळ. आईबापांची झोप होते. शी-शू सांगायला शिकवताना मात्र हीच सोय आड येते, आणि म्हणून आज्या दिवसा साध्या लंगोटाचा आग्रह धरतात.

पाणी नसतानाही पायावरून पाणी ओघळल्यासारखं वाटतं. हे मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मज्जासंस्थेच्या आजारांत असा भास झाल्याचं रुग्ण सांगतात. बातमी नेणारी तारच बिघडली तर मेंदूचा हिशोब चुकणारच. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. उलट प्रकार मधुमेहात होतो. पायाची संवेदना कमी झालेल्यांना मोजा ओला आहे हे कळतच नाही, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांनी पाय हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून कोरडे करावेत, पायाच्या जाणिवेवर विसंबू नये.

नागपूरला कूलर चालतो, मुंबईला का नाही?

ओला पृष्ठभाग किती गार होणार ते हवा किती वाफ घेईल यावर ठरतं. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी ओलं कापड २३ अंशांच्या आसपास उतरू शकतं, म्हणून विदर्भात वाळ्याची ताटी आणि कूलर. मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तेच कापड फार तर २९ अंशांपर्यंत जातं. वर खोलीत आणखी वाफ भरते आणि अंग चिकचिकतं. माठातलं पाणीही मुंबईत बेताचंच गार होतं, माठाचा दोष नाही.

शेतकरी मातीतली ओल कशी ओळखतो?

कातडीच्या भरवशावर तो राहत नाही, म्हणून बहुतेक वेळा चुकतही नाही. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत पाणी आणि हवा दोन्ही बेताने राहतात त्या स्थितीला वाफसा म्हणतात. मूठभर माती घेऊन दाबायची. हाताला चिकटली तर अजून ओल जास्त. गोळा झाला आणि बोटाने ढकलताच फुटला तर वाफसा. गोळाच झाला नाही तर ओल कमी. काळ्या जमिनीत वाफसा यायला दिवस लागतात, आणि घाई करून औत घातलं की ढेकळं निघतात. 'ओली की कोरडी' असं न विचारता 'कशी फुटते' असं विचारणं ही यातली खरी हुशारी.

भाषेतही ही बारकाई आहे. पापड सादळतो, अंथरूण सर्द होतं, हवा दमट असते, भिंतीला ओल येते, माणूस चिंब होतो आणि त्याचे कपडे निथळतात. चिवडा ओला झाला असं कोणी म्हणालं तर समजावं, त्यात पेलाच उपडा झालाय.

भिंतीला खरंच ओल आहे की ती नुसती गार आहे?

हात लावून सांगता येत नाही. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस थांबा. आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीच्या हवेतली आहे. खिडकी उघडा, गवंड्याला तूर्त बोलावू नका.

मग कपडे वाळले की नाही ते ओळखायचं कसं?

आधी एक वाईट बातमी. सुती कपडा पूर्ण कोरडा कधी नसतोच. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून असतो, आणि हवा जितकी दमट तितकं जास्त. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के धरतो, म्हणून टेरिकॉटचा शर्ट वाळतो तेव्हा चादर अजून विचारच करत असते. जुलैत सुती कपडा हवेच्या बरोबरीला आला की तो वाळला असं धरावं. त्यापुढे वाट पाहून फक्त कुबट वास मिळतो.

बोटांच्या टोकांनी चाचपू नका. तळहात आणि बोटांपेक्षा लव असलेल्या कातडीला ओल जास्त चांगली समजते, आणि चेहरा तर थंडीच्या बाबतीत फारच हळवा. माझी आई कपडा गालाला लावून पाहते. मी लहानपणी त्याला लाड समजायचो. पण गालही गारव्यालाच फसतो, म्हणून कपडा आधी पाच मिनिटं घरात घड्यांशिवाय पसरून खोलीइतका होऊ द्यावा, आणि मग गालाला लावावा. तरी शंका राहिली तर मधलं कापड सोडून शिवणी पाहाव्यात: कॉलरची दुमड, जीन्सच्या खिशाचं अस्तर, परकराचा नेफा. नेफ्यात नाडी अजून सर्द असेल तर परकर परत दोरीवर.